मंगळवारचा महाराष्ट्र, गुरुवारचा मराठवाडा

काझी सर फळ्यावर भारताचा नकाशा काढायचे तेव्हा त्यात गुजरात मावत नसे. सुरुवात ते महाराष्ट्रापासून करायचे, आणि महाराष्ट्र काढून होईपर्यंत अर्धा फळा संपलेला असायचा. मग उरलेल्या जागेत बाकीचा देश बसवायची धावपळ. तमिळनाडू खालच्या लाकडी पट्टीवर उतरायचा, काश्मीर पंख्याच्या बटणांपाशी पोचायचं. एकदा एका मुलानं विचारलं, "सर, गुजरात कुठंय?" सर दोन पावलं मागं सरकले, नकाशाकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "मावला नाय. तू समजून घे."

नकाशा झाला की बाण. महाराष्ट्रातून दिल्लीकडं जाणारा बाण ते खडू आडवा धरून काढायचे, चांगला चार बोटं रुंद. दिल्लीहून परत येणारा बाण खडूच्या टोकानं, दिसेल न दिसेल असा. "हे आपण देतो. हे आपल्याला येतं." एवढं बोलून हात झटकायचे आणि वर्गाकडं असं बघायचे, की मधले पैसे पहिल्या बाकावरच्या मुलांनीच खाल्लेत असं त्यांना वाटावं.

मी मराठीचा माणूस. पण माझा वर्ग सरांच्या वर्गाला लागून, मध्ये फक्त प्लायवूडची भिंत. सरांचा आवाज मोठा, माझा बेताचा. त्यामुळं माझ्या विद्यार्थ्यांनी आणि मी वीस वर्षं न मागता अर्थशास्त्र ऐकलं. केंद्र सगळीकडून कर गोळा करतं, त्यातला काही वाटा वित्त आयोगाच्या सूत्रानं राज्यांना देतं, त्या सूत्रात लोकसंख्या असते, क्षेत्रफळ असतं, पण सगळ्यांत जास्त वजन असतं ते राज्य किती मागं राहिलंय याला, म्हणून कमावतं राज्य देतं जास्त आणि त्याला मिळतं कमी, हे मला अजून झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. स्वतःच्या विषयातलं असं सगळं पाठ आहे असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

हे झालं मंगळवारचं. मंगळवारी सर महाराष्ट्राचे असायचे.

गुरुवारी ते मराठवाड्याचे असायचे. त्या दिवशी फळ्यावर नुसता महाराष्ट्र यायचा, त्यात मराठवाडा फार मोठा, आणि कोकण मावायचं नाही. पुन्हा बाण. यावेळी मुंबईकडून इकडं येणारा बाण बारीक. "आपण मागं राहिलोत. मागं राहिलेल्याला जास्त द्यावं लागतं. ह्याच्यात उपकार नाय, हक्क हाय," असं ते टेबलावर मूठ आपटून सांगायचे. मंगळवारी ज्या सूत्रावर ते दात-ओठ खायचे, गुरुवारी तेच सूत्र मुंबईनं आपल्याला लावावं अशी त्यांची मागणी असायची. वीस वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मंगळवारी येणारी मुलं गुरुवारी येत नसत. माझ्या लक्षात आलं होतं. पण भिंतीपलीकडच्या विषयात आपण कशाला पडा, म्हणून गप्प बसलो.

दरवर्षी अर्थसंकल्प झाला की सर वर्तमानपत्रांना पत्र लिहायचे. एकच पत्र, पहिला भाग मंगळवारचा, दुसरा गुरुवारचा, आणि मध्ये 'तसेच' हा शब्द. सगळा भार त्या 'तसेच'वर. मुंबईचं वर्तमानपत्र पहिला भाग छापायचं आणि दुसरा जागेअभावी गाळायचं. इथलं वर्तमानपत्र दुसरा छापायचं आणि पहिला गाळायचं. सर दोन्ही कात्रणं फाईलला शेजारी शेजारी लावायचे आणि म्हणायचे, "बघा, दोन्हीकडं पटलं."

सरांचं गाव देवगाव रंगारी, राहायला शहराच्या कडेला हर्सूलला, वडिलांची थोडी शेती आणि कापडाचं दुकान. सफारी घालायचे, त्याही एकाच रंगाच्या तीन. खडू घरून आणायचे, कारण कॉलेजचा खडू आडवा धरला की तुटतो. इतका आकड्यांचा माणूस, पण बेरजेत हात कच्चा. हातचे विसरायचे. उत्तरपत्रिका तपासून झाल्या की गठ्ठा घरी जायचा आणि गुणांची बेरीज भाभी करायच्या. भाभी म्हणजे सरांच्या पत्नी, लग्नाआधी बी.ए. झालेल्या. मी एकदा हर्सूलला त्यांच्या घरी गेलो तर त्या पलंगावर गठ्ठा पसरून बसलेल्या, सर समोर खुर्चीत, आरोपीसारखे. "इस बच्ची को आठ कैको दिए जी?" त्या विचारत होत्या. "पूरा बरोबर लिखी है." सर म्हणाले, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं? तुम्ही बेरीज करा." भाभींनी ती उत्तरपत्रिका माझ्यासमोर धरली. मी वाचली. मुलीनं खरंच चांगलं लिहिलं होतं. सरांनी आठाचे अकरा केले आणि मला चहा विचारला.

दुपारी स्टाफरूममध्ये आम्ही पाच-सहाजण टेबलावर वर्तमानपत्र पसरून डबे मध्ये ठेवायचो. ज्यानं त्यानं हवं ते घ्यायचं. ही पद्धत सरांच्या आधीपासूनची. तिला सूत्र मात्र सरांनी आणलं. संख्याशास्त्राच्या कुलकर्णी मॅडमचा डबा चार कप्प्यांचा, म्हणून त्या औद्योगिक राज्य. मी तेव्हा एकटा राहायचो, माझ्या डब्यात पोळी आणि शेंगदाण्याची चटणी. पहिल्याच दिवशी सरांनी डबा उघडून पाहिला आणि झाकण लावलं. "तुम्ही विशेष दर्जाचं राज्य," म्हणाले. "डोंगराळ भाग. तुमच्याकडून अपेक्षा नाय. जेवा." त्यांच्या स्वतःच्या डब्यातले बगारे बैंगन तीन मिनिटांत संपायचे, त्यातले निम्मे माझ्याकडून. मग सर रिकाम्या डब्याकडं बघत म्हणायचे, "देणारा नेहमी उपाशी." खरं म्हणजे हे लोक काय करतात ते ओळखून भाभी डबा दुप्पट भरायच्या. हे सरांच्या हिशेबात कधी आलं नाही.

मग एके वर्षी एम.ए.च्या वर्गात अनिता शिंदे आली. सोयगावची, वडिलांचं तिथं बी-बियाण्याचं दुकान. वसतिगृहात दुपारी उकडायचं आणि वर्गात पंखा होता, म्हणून ती मंगळवारीही यायची आणि गुरुवारीही. वीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. दिवाळीच्या आधी एका गुरुवारी ती उभी राहिली. प्लायवूडमधून मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"सर, एक इचारू? मंगळवारी तुम्ही म्हणलात, ज्याचे पैसे त्याला परत भेटायला पायजेत. आज म्हणायलात, ज्याला कमी त्याला जास्त द्या. मग मुंबईचा कुणी सर असंल, तर तो आपल्याबद्दल मंगळवारचंच लेक्चर देत असंल ना?"

पलीकडं खडूचा आवाज थांबला. मी माझ्या वर्गात एका कवितेचा भावार्थ सांगत होतो, तोही थांबवला. माझी मुलंही भिंतीकडं बघायला लागली. शेवटी सरांचा आवाज आला, "बस खाली." मग डस्टरचा आवाज. तास संपायला बारा मिनिटं असताना सर बाहेर पडले. पुढं पंधरा दिवस त्यांनी नकाशा काढला नाही, करभाराच्या व्याख्या लिहून दिल्या. मुलं खूश, कारण व्याख्या परीक्षेला येतात. नंतर हळूहळू बाण परत सुरू झाले. पण शिंदेला त्यांनी उत्तर दिलं नाही. ते त्यांना सापडलं नव्हतं, आणि सापडलं नाही असं सांगायची त्यांना सवय नव्हती.

तिला ते विसरलेही नाहीत म्हणा. ती एम.ए.ला पहिली आली, नेट पास झाली आणि सरांनी प्राचार्यांच्या मागं लागून तिला आपल्याच विभागात तासिका तत्त्वावर घेतलं. म्हणजे शिकवशील त्या तासाचे पैसे, सुट्टीचे नाहीत, आणि पुढच्या वर्षी असशील की नाही ते जूनमध्ये बघू. तिचे सगळे तास एम.ए.च्या वर्गावर. त्या वर्गात मुलं सात.

सरांच्या निवृत्तीच्या वर्षी कॉलेजात नवा प्रस्ताव आला. तो आणला संगणक विभागाच्या प्रमुखांनी, गौरव जाधवांनी. हे जाधव बी.ए.ला सरांचे विद्यार्थी, नंतर संगणकाकडं गेलेले. माणूस वाईट नाही, फक्त नीटनेटका आहे. बैठकीत त्यांनी पडद्यावर तक्ता दाखवला. मध्ये कॉलेजचं कार्यालय, भोवती विभाग. संगणक विभागातून कार्यालयाकडं जाणारा बाण चार बोटं रुंद, परत येणारा बारीक. अर्थशास्त्राच्या एम.ए.चं उलटं. तक्त्याच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं: मूळ मांडणी, प्रा. काझी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनीही सवयीनं दोन वाजवल्या.

प्रस्ताव साधा होता. ज्या विभागानं जेवढं आणलं, तेवढं त्यानं वापरावं. ज्याला तेवढ्यात भागवता येत नाही, त्यानं वर्ग बंद करावा. पहिला वर्ग अर्थशास्त्राचा एम.ए. सर मे महिन्यात निवृत्त होणारच होते, त्यांचं काही जाणार नव्हतं. जाणार होती शिंदे. ती दाराजवळच्या खुर्चीत बसली होती, कारण तासिकावाल्यांना बैठकीत बसता येतं, बोलता येत नाही.

माझ्याकडं एक कागद होता. ग्रंथालयात जुन्या बैठकांची वही आहे, तिच्यातल्या एका पानाची झेरॉक्स मी आदल्या दिवशी काढली होती. संगणक विभाग सुरू झाला तेव्हा त्याला मुलं मिळेनात, आणि पहिली यंत्रं घेतली ती कला शाखेच्या शिलकीतून. ठरावावर काझी सरांची सही. हा कागद वाचला असता तर जाधवांना खाली बसावं लागलं असतं. मी तो टेबलाखालून सरांच्या हातात दिला. सरांनी वाचला, घडी केली आणि सफारीच्या खिशात टाकला. मला वाटलं, आता काढतील. ते उठले आणि पडद्याजवळ गेले.

"जाधव, बाण बरोबर काढलेत," सर म्हणाले. "माझ्यापरीस चांगले. माझ्यात एक राज्य कायम ऱ्हाऊन जायाचं." कुणीतरी हसलं. "पण हा बाण फी कुठं भरली ते दाखवितो. कमाई कुठं झाली ते नाय. कंपनीचं हापिस मुंबईत अन् कारखाना वाळूजला. कर मुंबईत भरला म्हणून घाम तिथंच गळला व्हय? तुमच्याकडं पोरं येतेत ती कॉलेजचं नाव ऐकून. ते नाव एकट्या संगणकानं केलं का?"

"सर, पण हेच तर तुम्ही आम्हाला शिकवलं," जाधव म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "माझ्याकडं वही आहे अजून."

"व्हय. मीच शिकिवलं. मंगळवारी. ते अर्धं हाय. उरलेलं अर्धं गुरुवारी शिकवायचो. गुरुवारी तू कुठं असायचा?"

जाधवांनी विचार केला. "गुरुवारी नेट प्रॅक्टिस असायची, सर. क्रिकेटची."

"तेच की," सर म्हणाले. प्राचार्यांनी घड्याळ बघितलं. सर दाराकडं वळले, आणि सगळ्या सभागृहाला पाठ करून, शिंदे बसली होती तिकडं बघत बोलले. "शिंदे मॅडम, तुम्ही एक इचारलं होतं. मुंबईचा सर आपल्याबद्दल मंगळवारचंच लेक्चर देत असंल. बरोबर हाय. देत असंल. देताना आपण म्हणायचं माझं मला द्या, घेताना म्हणायचं माझा हक्क हाय. वीस वर्षं दोन्हीकडून रडायलोत आपण. मला लाज वाटाया पायजे होती, वाटली नाय. आज ह्या तक्त्यावर माझं नाव बघून वाटली." मग जाधवांकडं वळून म्हणाले, "ज्याला कमी पडतंय त्याला द्यायचं, हे घेणाऱ्यानं म्हणून काय उपयोग नाय. ते देणाऱ्यानं म्हणावं लागतं. आज तू देणारा हाय. म्हण, नायतर नको म्हणू."

मी वीस वर्षं या माणसाचा आवाज भिंतीतून ऐकला होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा तास समोर बसून ऐकला.

जाधव म्हणाले, विचार करतो. प्राचार्य म्हणाले, मधला मार्ग काढू. मधला मार्ग असा निघाला की जूनमध्ये एम.ए.ला नवे दहा प्रवेश झाले तर वर्ग राहील, नऊ झाले तर नाही. बाहेर व्हरांड्यात मी सरांना गाठलं. मी चिडलो होतो. "तो कागद का नाही वाचलात? जाधव जागेवर गप्प झाला असता."

"झाला असता," सर म्हणाले. "पण तक्ता तसाच ऱ्हायला असता. आज मी वाचला असता, उद्या दुसरा कुणी त्याच्या फायद्याचं पान शोधून आणलं असतं. वही लई जाड हाय." त्यांनी खिशातून कागद काढून मला परत दिला. "ठेवून द्या तुमच्यापाशी. अन् आता दहा पोरं कुठून आणायची ते बोला."

मे महिन्यात सरांना शाल-श्रीफळ मिळालं आणि दुसऱ्या दिवसापासून ते स्कूटरवरून पोरं शोधत फिरायला लागले. जूनच्या मध्यापर्यंत नेहमीचे सात झाले. हर्सूलला त्यांच्या गल्लीत राहणारा एक तुरुंग शिपाई बढतीसाठी पुढची पदवी हवी म्हणत होता, तो आठवा. देवगावच्या ग्रामसेवकाची बायको घरी बसून कंटाळली होती, ती नववी. दहावा काही मिळेना. सर मला म्हणाले, तुम्हीच घ्या प्रवेश. मी म्हणालो, मला भिंतीपलीकडून पुरे झालं. शेवटच्या दिवशी दुपारी कार्यालयात शिंदे, मी आणि कारकून असे तिघं घड्याळ बघत होतो. खिडकी पाचला बंद होणार. शिंदेनं कपाटातली आपली पुस्तकं पिशवीत भरायला घेतली होती. मी तिला सांगत होतो की थांब जरा, आणि मलाच ते पटत नव्हतं.

साडेचारला सर आले. मागं भाभी. हातात बी.ए.चं प्रमाणपत्र, लॅमिनेट केलेलं.

"फॉर्म कुणाचा?" कारकुनानं विचारलं.

"माझा," भाभी म्हणाल्या.

"वय..." कारकून म्हणाला आणि थांबला.

"वयाची अट हाय का?" सरांनी विचारलं. अट नव्हती. कारकुनानं फॉर्म दिला. भाभींनी तो खुर्चीत बसून सावकाश भरला, 'विषय घेण्याचे कारण' या रकान्यापाशी थांबल्या आणि सरांकडं बघितलं. सर म्हणाले, "लिवा काय बी." त्यांनी तो रकाना रिकामा ठेवला. शिंदे पिशवी खाली ठेवून खिडकीबाहेर बघत उभी होती. डोळे पुसत होती, आम्ही ते पाहिलं नाही असं दाखवलं.

वर्ग राहिला. सर रोज भाभींना स्कूटरवर आणून सोडायचे. पहिले काही दिवस मी त्यांना विचारायचो, कसं चाललंय, तर म्हणायचे, "बसत्यात बिचाऱ्या. दहाचा आकडा पायजे ना." पुढच्या जूनमध्ये आपोआप चौदा प्रवेश झाले. दोन मुलं तर जाधवांनी स्वतः पाठवली, कुणाला न सांगता. सरांनी भाभींना सांगितलं की आता आकडा झालाय, गुडघे दुखत असतील तर नका जाऊ. ही हकीकत सरांनीच मला सांगितली, थोडी तक्रारीच्या सुरात. भाभी म्हणाल्या होत्या, "तुमारा आकडा हो गया तो तुम बैठो घर में. मेरा अभी एक साल बाकी है."

त्या पावसाळ्यातच एका दुपारी माझा तास नव्हता. व्हरांड्यातून चाललो होतो तर सर एम.ए.च्या वर्गाबाहेर खिडकीशी उभे. हातात चष्म्याचं घर. मला बघून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. आत शिंदे मॅडम तेच आयोगाचं सूत्र शिकवत होत्या आणि भाभी उभ्या राहून बोलत होत्या.

"मॅडम, हे सूत्र राज्याची कमाई बघतं. बाया घरात दिवसभर राबत्यात, ती कमाई त्याच्यात कुठं धरली?"

"नाय धरली, भाभी."

"कामून?"

शिंदे मॅडमनी खडू खाली ठेवला. "त्याचं उत्तर माझ्यापाशी पूर्ण नाय," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी लिहून घ्या हा प्रश्न. पुढच्या तासाला बोलू." आत पानं उलटल्याचे आवाज झाले.

सर खिडकीपासून बाजूला झाले. "एवढी वर्षं शिकिवलं," ते हळू आवाजात म्हणाले, "अन् हे डोक्यात आलं नाय." त्यांचा चेहरा पहिल्या तासाला बसलेल्या विद्यार्थ्यासारखा झाला होता, मला त्यांचा हेवा वाटला. त्यांनी चष्म्याचं घर माझ्या हातात दिलं. "घरी इसरून आल्यात. तुम्ही देऊन येता का? मी गेलो तर चिडतील. म्हणतील, तपासाया आले."

मी आत गेलो, भाभींच्या बाकावर चष्मा ठेवला आणि बाहेर आलो.

"काय म्हणाल्या?" सरांनी विचारलं.

"काही नाही. लिहीत होत्या."

"लिहू द्या," सर म्हणाले, आणि पायरीवर रुमाल अंथरून बसले.